कण्हेरीचा टहाळ

माझ्या आईची आत्या मनुबाई ही काही कुणी नाव काढावं अशी बाई नव्हती. तिच्या हातून जगात एकच गोष्ट उभी राहिली, ती म्हणजे कण्हेरीचं एक लांबलचक कुंपण, आणि त्याच कुंपणापायी तिच्या जन्माचं वाटोळं झालं. लोक सांगतात, कण्हेर दारात लावू नये, घात करते. मला हे ऐकलं की राग येतो. झाड बिचारं लावलं तिथं उभं होतं. घात करणारी माणसं चालती-बोलती होती, आणि त्यांतला पहिला माझा सख्खा आजा होता.

आमचं आजोळ चौलाच्या मागच्या अंगाला, खाडीकाठी. वीस-बावीस घरांचा आगऱ्यांचा पाडा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि मध्ये भरतीचं पाणी अडवणारा मातीचा बांध. मनुबाईचं लग्न लवकर झालं आणि नवरा पटकीच्या साथीत गेला. पोटी मूल नव्हतं. आमच्यात बाईला पाट लावायची मोकळीक आहे, तिला दोन ठिकाणांहून विचारणाही झाली होती. ती म्हणाली, "एकाचं रांधून बघितलं, तेवढं पुरे," आणि गाठोडं घेऊन भावाच्या घरी आली.

भाऊ म्हणजे धर्माजी, माझा आजा. तिच्याहून लहान. फार गोड माणूस, कुणाशी कधी तंटा नाही, कुणाला वर आवाज करून बोलणं नाही. पाड्यात सगळे त्याला भला म्हणत. त्याला जवळून पाहिल्यापासून मला तंटा न करणाऱ्या माणसांची थोडी भीतीच वाटते.

आता राबाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या राबावर घडलं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो तुकडा आमच्याकडे आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, त्यावर गवत, वर थोडी माती, आणि हे सगळं वाळलं की पावसाआधी पेटवून द्यायचं. भाजलेल्या जमिनीत रोप जोमानं येतं. आमच्या पाड्यातल्या पाच-सहा घरांच्या राबाच्या जागा बांधाजवळच्या एका उंचवट्यावर एकमेकींना लागून होत्या. रोप हिरवं झालं की सगळ्या पाड्याच्या शेळ्या तिकडे लोटत. दर वर्षी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घालायचं, दर वर्षी वाळवीनं ते खायचं आणि दर वर्षी बायकांनी एकमेकींच्या शेळ्यांचा उद्धार करायचा, असा शिरस्ता होता.

मनुबाईनं देवळाजवळच्या कण्हेरीच्या फांद्या आणल्या. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब. खालची पानं काढली, चीक वाळू दिला आणि आषाढात उंचवट्याच्या कडेनं हातभर अंतरावर लावत गेली. धर्माजी हसला. "बाय, देवाच्या फुलांची वाडी करतेस काय?" ती म्हणाली, "शेळी कन्हेरीला तोंड लावीत न्हाय. बघ तू."

पहिले दोन उन्हाळे तिनं तळ्यावरून घागरी वाहिल्या. तिसऱ्या वर्षी पाणी तोडलं. केसर, म्हणजे माझी आजी, म्हणाली, "वन्सं, मरतील की." मनुबाईचं म्हणणं असं, की आता कण्हेरीची मुळं खाली गेलीत, यापुढे लाड केले तर नुसती पानं काढील आणि वाऱ्याला मोडेल. आणि तसंच झालं. वैशाखात पाड्यातलं तुळशीचं रोपसुद्धा मान टाकायचं, तेव्हा ही कण्हेर हिरवीगार असायची. खाडीवरून खारा वारा यायचा, आंब्याचा मोहोर करपायचा, हिच्या पानाची कडसुद्धा तांबडी व्हायची नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडला की मनुबाई सकाळी दंव असताना चुलीतली राख उडवायची. बुडातून फुटलेले धुमारे काढून टाकायची. चैत्रात कोयता घेऊन छाटणी करायची, म्हणजे कुंपण खालपासून दाट भरायचं.

छाटणीच्या वेळी मात्र तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. पोरांना ती लांब हाकलायची. तोडलेलं पानन् पान गोळा करायची, उंचवट्यामागे खड्डा खणून त्यात पुरायची आणि वर दगड ठेवायची. हात राखेनं घासून धुवायची. कुणी हसलं तर सांगायची, "झाडावरचं पान कडू, म्हनून ढोर त्याला शिवत न्हाय. वाळलं का त्याचा कडूपना जातो. इख जात न्हाय." हे ती इतक्या वेळा बोलली होती, की पाड्यातली पोरं तिची नक्कल करायची.

सन अठ्ठावीसच्या माघात धर्माजीला हिवतापानं धरलं. तो उठून बसेपर्यंत डोंगरातून टहाळ आणायचे दिवस निघून गेले होते. बाकीच्यांचे राब रचून झाले, याचा तुकडा उघडाच. त्यात घरात लगीनघाई. शकूचं, म्हणजे माझ्या आईचं लग्न उरणकडच्या एका घरात ठरलं होतं आणि वैशाखाच्या शेवटी तिथी होती. घर चांगलं होतं, मिठागराचं काम करणारं. शकूला मुलगा पसंत होता, हे तिनं मला म्हातारपणी लाजत सांगितलं.

त्याच चैत्रात मनुबाई छाटणी करत असताना सासरकडून निरोप आला, की म्हातारी सासू गेली. कुंपणाचा मोठा भाग छाटून झाला होता, खड्डा अर्धाच खणला होता. तिनं फांद्यांचा ढीग खड्ड्यात दडपला, वर नारळीचे झाप टाकले, दगड ठेवले आणि जाताना भावाला बजावलं, "मी येईस्तवर याला हात लावू नको." ती दिवसकार्य उरकून यायची होती.

धर्माजीनं हात लावला. त्याचा हिशेब साधा होता. राबाला टहाळ हवा, इथं टहाळ पडलेला आहे, आणि शेवटी तो जाळायचाच आहे. जळणाऱ्या गोष्टीचं विष कुणाला बाधणार? राब रचणाऱ्या माणसालाच असं सुचावं. त्यानं ढीग उपसून आपल्या तुकड्यावर नीट पसरला आणि वाळायला ठेवला. कुंपण त्या कडेला नुकतंच खाली छाटलं होतं, गुरं सहज ओलांडून जातील एवढंच उरलं होतं. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे गुरं मोकळीच असतात. शेतात काही नसतं, मालक त्यांना सोडून देतात, ती भटकतात आणि मिळेल ते खातात.

मनुबाई आली ती बांधावरूनच धावत. लांबून तिला घरच्या राबावर चार ढोरं मान खाली घालून उभी दिसली. तिनं दगड मारून ती हाकलली, पण संध्याकाळी त्यांतल्या दोन बैलांनी रवंथ थांबवला. तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले, कान गार पडले. एक आमच्या घरचा. दुसरा अंबाजीचा, आणि अंबाजी हा गावकीचा मुख्य. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही बैल आडवे झाले होते.

बैल मेला म्हणजे पेरणीच्या तोंडावर हात गेला, हे झालंच. पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. ढोर माणसाच्या हातून मेलं तर गावकी त्या घराला वाळीत टाकायची. वाळीत टाकलेल्या घराशी कुणी बोलत नाही. विस्तव देत नाही, विहिरीवर घागर लावू देत नाही, लग्नाला जात नाही, मयताला खांदा देत नाही. असल्या घरातली मुलगी कुणी करत नाही, आणि केलेली सोयरीक त्याच दिवशी मोडते.

त्या दुपारी गोठ्यात तिघंच होती. धर्माजी, केसर आणि मनुबाई. शकूला शेजारी पाठवलेलं. केसरनं नणंदेपुढे पदर पसरला. "वन्सं, तुम्ही एकट्या हाव. तुमच्यामागं लगीन न्हाय का पोर न्हाय. शकूचं एवढं पार पडू द्या." धर्माजी खाली बघत होता. मनुबाईनं त्यालाच विचारलं, "तू काय म्हनतोस?"

तो म्हणाला, "बाय, शकू सासरी गेली का मी गावकीत उभा ऱ्हातो. सगल्यांच्या समोर सांगतो का टहाळ मी टाकला. देवाच्यान सांगतो."

"लगीन झाल्यावर?"

"झाल्याबरूबर."

गावकी देवळासमोर बसली. अंबाजीनं विचारलं, राबावर कण्हेरीचा टहाळ कुणी टाकला. मनुबाई उठून म्हणाली, "मी." कुणी पुढे काही विचारलं नाही. एवढी बोंब मारून सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं कण्हेर गुरांपुढे कशी पसरली, आणि ती तर सासरी गेली होती, हे एकाच्याही तोंडी आलं नाही. गावकीनं तिला एकटीला वाळीत टाकलं. भावाच्या घरात राहिली तर घरालाही दोष लागेल, म्हणून तिनं बांधाजवळ, कुंपणाच्या आत झोपडी घातली.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बैलांचा जीव घेतलेली ती कण्हेर उपटा, असं कुणीही म्हणालं नाही. म्हणणार कसे? पाच-सहा घरांची रोपं तिच्यामुळे वाचत होती, त्यांत अंबाजीचं घर होतं. तेव्हा कुंपण राहू दिलं आणि ते राखणारीला माणसांतून काढलं. छाटणी तिनंच करायची, मावा तिनंच झाडायचा. ती ते करत राहिली. फांद्या अजूनही खड्ड्यातच पुरायची.

शकूचं लग्न झालं. वरात बांधावरून गेली, तेव्हा मनुबाई झोपडीच्या मागे उभी होती. आईला वाटायचं, आत्यानं चूक केली आणि आपल्या लग्नाच्या तोंडावर केली. ती मनातून रागावलेली होती. हे सांगताना आई दर वेळी रडायची.

लग्न झालं आणि मनुबाई वाट बघायला लागली. पहिल्या पावसाळ्यात धर्माजी कुंपणापाशी आला, इकडेतिकडे बघून हळू म्हणाला, "बाय, शकू नवी हाय त्या घरात. थोडी रुजू दे." पुढच्या वर्षी शकूला दिवस गेले होते, तिच्या जिवाला घोर नको. त्यानंतर धाकट्या लेकाचं, काळूरामचं लग्न निघालं. मग नातू झाला. दर खेपेला कारण खरं असायचं आणि दर खेपेला तो म्हणायचा, "औंदा न्हाय, पन पुढल्या साली नक्की." तिनं एकदाही त्याला शिवी दिली नाही. मी दिली असती.

तिचं जगणं कसलं ते सांगते. पाड्याची विहीर बंद, म्हणून तळ्याच्या कडेला झरा उकरून त्यातलं मचूळ पाणी प्यायची. केसर कधीमधी कुंपणाच्या फटीत तांदळाचं गाडगं ठेवून न बोलता जायची. बाकी ती ओहोटीला खाडीत उतरून दगडांवरची कालवं फोडायची. रेवदंड्याची ठमी कोळीण ती घ्यायची आणि बदल्यात तांदूळ, मीठ, आगपेटी द्यायची. कोळ्यांना आमच्या गावकीचा हुकूम लागू नव्हता. ठमी तिच्याशी बोलायची, भांडायची, कालवं बारीक आहेत म्हणून डाफरायची. आई म्हणायची, ती ठमी नसती तर आत्या बोलायचं विसरली असती.

देवळाचा गुरव रामचंद्र मात्र रोज पहाटे यायचा. कुंपणाची बाहेरची बाजू वाटेवर होती. तो तिथं उभा राहून तांबडी फुलं परडीत तोडायचा. आतल्या बाजूला ती राख टाकत असायची. दोघांच्या मध्ये एक कण्हेर. त्यानं इतक्या वर्षांत तिला "काय गो" म्हटलं नाही. फुलं देवाला चालत होती.

दोनदा तिला तापानं धरलं. एका तापात ती तीन दिवस झोपडीत पडून होती आणि बांधावरून गुरं हाकत जाणाऱ्या माणसांना तिचं कण्हणं ऐकू येत होतं. ठमी आली, तिनं पेज पाजली. त्यानंतर मनुबाईचा एक कान गेला. केस सगळे पिकले. धर्माजी आला तेव्हा ती पहिल्यांदाच चिडून म्हणाली, "मी मेल्यावर सांगशील काय रे?" तो रडला. रडणं त्याला लवकर यायचं.

सदतीसच्या उन्हाळ्यात केसर आजारी पडली. शकू माहेरी आली, आईची शेवटची सेवा करायला. तेव्हा केसरनं लेकीला जवळ बसवून सगळं सांगितलं. माझी आई शांत बाई. आयुष्यात तिनं कुणाला उलटून उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. पण आजीचा बारावा झाला त्या दिवशी ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही सांगता का मी सांगू? माझ्या लग्नाचं नाव पुढं करू नका. मला तीन पोरं झाली. माझं लगीन आता कोन मोडत न्हाय."

त्या पोरांतली सगळ्यात धाकटी मी, आईच्या कडेवर.

मग धर्माजी गावकीत उभा राहिला. सगळं बोलला. लोक गप्प बसून ऐकत होते, कुणी हूं नाही की चूं नाही. अंबाजी आता म्हातारा झाला होता. त्यानं निवाडा दिला, की इतक्या वर्षांचा दोष विटला, धर्माजीनं देवाला नारळ ठेवावा आणि पाड्याला जेवण घालावं. मनुबाईला गावात घ्यावं. एवढंच. त्याच दोषासाठी बहिणीची नऊ वर्षं गेली होती, आणि भावाला एक नारळ आणि एक जेवण पुरलं.

मनुबाईला आईनंच जाऊन सांगितलं. आई सांगायची, आत्याला आधी ऐकू गेलं नाही. दुसऱ्या कानाशी पुन्हा सांगितलं, तेव्हा ती जमिनीवरच बसली आणि हसायला लागली, लहान पोरीसारखी. मग शकूचा हात धरून म्हणाली, "बोलला का गो? बोलला म्हनतेस! मला वाटायचंच, तो बोलंल." तिचा भावावर राग नव्हता. तो भित्रा आहे हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि भित्रा का होईना शेवटी बोलला याचा तिला केवढा आनंद झाला होता. जेवणाच्या दिवशी तिनं लुगडं धुऊन वाळवलं, केसांना तेल लावलं, आणि ठेवणीतली चोळी काढली. ती तिला आता ढगळ होत होती.

आमच्याकडची रीत अशी, की वाळीतून परत घेतलेल्या माणसाला गावकीच्या मुख्यानं त्याच्या दारात जाऊन आपल्या हातानं पाणी द्यायचं, आणि मग पंगतीला न्यायचं. अंबाजी तांब्या घेऊन आला. बरोबर आई होती. मनुबाईनं ओंजळ केली, अंबाजीनं पाणी घातलं, ती प्याली. पाड्याच्या विहिरीचं पाणी. तिच्या डोळ्यांतून धार लागली.

अंबाजीला वाटलं, तिची समजूत घालावी. तो तिच्या बऱ्या कानाशी वाकून म्हणाला, "मनात ठेवू नको, मनुबाई. तू टाकला न्हाईस ते आम्हांला तवाच ठावं व्हतं."

तिनं विचारलं, "कवा?"

"त्याच दिशी. तू पानन् पान पुरनारी बाई. तू कशी टाकशील? सगला पाडा जानत व्हता."

"मग?"

अंबाजी सरळ माणूस होता, खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही. तो म्हणाला, "धर्माजीचं घर भरलेलं, पोरीचं लगीन. गावात कोनाला तरी दोष लागायलाच पायजे व्हता. तू एकली व्हतीस. तू आपल्या तोंडानं हो म्हनलीस, बरं झालं."

मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि झोपडीच्या उंबऱ्यात बसली. अंबाजी थोडा वेळ थांबला, मग पंगत खोळंबलीय म्हणत पुढे झाला. आई थांबली. म्हणाली, "आत्या, चल ना. पानं वाढली असतील." मनुबाई म्हणाली, "एकटा धर्माजीच लपून ऱ्हायलाय असं मी समजत व्हते गो. बाकीच्यांना ठावं न्हाय, म्हनून ते बोलत न्हाईत, असं समजत व्हते." आणि थोड्या वेळानं, "तू जा. जेवा म्हनावं."

आई एकटीच परत आली. देवळासमोर सगळा पाडा पंगतीला बसला होता. भात आणि वालाचं बिरडं वाढलेलं होतं. बायकांच्या ओळीत एक पान मनुबाईसाठी मांडलं होतं. तिच्यासाठीच ती पंगत होती, तेव्हा ती आल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, अशी रीत. आईनं सांगितलं, आत्या येत नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, भात गार होतोय. शेजारच्या बाईनं ते पान उचलून बाजूला ठेवलं, आणि पंगत जेवायला लागली.

मोठी झाल्यावर मी एकदा आईला विचारलं, "आणि आजोबा? ते जेवले?"

आई म्हणाली, "भात दोनदा घेतला."